मुदतीत मावणारा जीव

जीवशास्त्राचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा सिद्धांतांचा इतिहास लिहितात, आणि फार तर ते सिद्धांत ज्यांच्या नावे रूढ झाले त्या आचार्यांचा. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत या शास्त्रात जे प्रत्यक्ष मोजले गेले, चिरले गेले, रंगवून काचेवर चढवले गेले आणि नोंदवहीत उतरले, त्यातला फार मोठा हिस्सा ठरावीक काळात प्रबंध सादर करण्याच्या विवंचनेत असलेल्या, वीस ते तीस वर्षे वयाच्या, खिशाने हलक्या अशा विद्यार्थ्यांच्या हातून झालेला आहे. आणि त्यांची ती विवंचनाच कित्येकदा शास्त्राची दिशा ठरवून गेली आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. विद्यार्थ्याला मुदत असते. शिष्यवृत्ती दोन-तीन वर्षांत आटते, मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठात निघून जातात, घरची माणसे पुढे काय म्हणून विचारू लागतात. ज्या जिवावर तो काम करतो त्या जिवालाही जन्माची, वाढीची आणि वंशविस्ताराची स्वतःची मुदत असते, आणि या दोन मुदती एकमेकींत बसल्या तरच प्रबंध पुरा होतो. हत्तींच्या आठ-दहा पिढ्यांची पैदास करून आनुवंशिकतेचे नियम शोधण्याचा विषय कोणा विद्यार्थ्याने घेतल्याचे ऐकिवात नाही. याचे कारण हत्तीचे गुणधर्म कमी मनोरंजक आहेत, असे अर्थातच नव्हे.

अमेरिकेत पदवीनंतरच्या संशोधनाची रीतसर वहिवाट पडली ती 1876 साली बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ निघाले तेव्हापासून. त्यापूर्वी संशोधनाची विद्या शिकावयाची तर तिकडचे तरुण जर्मनीची वाट धरीत. हॉपकिन्सने जर्मन विद्यापीठांचा नमुना आपल्या देशात आणला आणि विद्यार्थ्यांना पाठ्यवेतन देऊन शिकवण्यापेक्षा शोधण्याकडे अधिक लावले. तेथील प्राणिशास्त्राचे अध्यापक विल्यम कीथ ब्रूक्स यांनी 1878 पासून चेसापीक उपसागराच्या काठी उन्हाळी प्रयोगशाळा चालवली, आणि त्यांच्या हाताखाली जो येई त्याला सामान्यतः एखादा सागरी प्राणी नेमून दिला जाई. त्याचा गर्भ कसा वाढतो ते पाहावे, चित्रे काढावीत, त्यावरून त्या प्राण्याची गोत-सोयरीक ठरवावी आणि पदवी घ्यावी, असा शिरस्ता होता. टॉमस हंट मॉर्गन या केंटकी प्रांतातल्या तरुणाने 1890 साली सागरी कोळ्यांवर असाच प्रबंध लिहिला आणि हे प्राणी कवचधाऱ्यांपेक्षा कोळ्यांच्या कुळाला जवळचे आहेत असा निर्णय दिला. प्रबंध चांगला होता. परंतु त्यात एक मर्यादा उघड होती: ज्या प्राण्याचा गर्भ पाहायचा तो समुद्रातून यायचा, त्याचा हंगाम ठरलेला, आणि पुढच्या पिढीचे काय होते हा प्रश्न विचारण्याची सोयच नाही. वर्णन करता येत होते. वंश चालवून पाहता येत नव्हता.

ब्रूक्स यांचाच आणखी एक शिष्य, एडमंड विल्सन, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पेशीशास्त्राचे दालन सांभाळीत होता. त्याच्याकडे 1901 साली कॅन्सस प्रांतातल्या शेतावर वाढलेला वॉल्टर सटन हा विद्यार्थी आला, आणि आला तो आपला प्राणी सोबत घेऊनच आला म्हणावे लागेल. कारण कॅन्ससच्या माळावर मिळणारा एक जाडजूड नाकतोडा त्याने तिकडच्या गुरूकडे असतानाच अभ्यासाला घेतला होता. या नाकतोड्याच्या पेशी मोठ्या, गुणसूत्रेही मोठी आणि आकारांनी ओळखू येण्याजोगी. त्यांच्या जोड्या जननपेशी तयार होताना कशा फुटतात हे पाहता पाहता सटनच्या ध्यानात आले की, मेंडेलने वाटाण्यावरून बांधलेले नियम आणि या गुणसूत्रांचे वर्तन यांचे खाते तंतोतंत जुळते. 1902 आणि 1903 या दोन वर्षांत त्याने दोन निबंध प्रसिद्ध केले आणि आनुवंशिकतेचा गुणसूत्र-सिद्धांत मांडला. तेव्हा त्याचे वय पंचविशीचे होते. मग तो प्रबंध पुरा न करताच निघून गेला. दोन वर्षे कॅन्ससच्या तेलखाणींवर काम केले, परत येऊन वैद्यकाची पदवी घेतली, शस्त्रवैद्य झाला आणि 1916 साली आंत्रपुच्छाच्या दुखण्याने, चाळिशी गाठण्याआधीच वारला. शास्त्राच्या इतिहासातल्या दहा मोठ्या विचारांत ज्याची गणना व्हावी असा विचार मांडणाऱ्या या माणसाच्या नावापुढे त्या शास्त्रातली डॉक्टरकी कधी लागली नाही, ही गोष्ट पदवीचे माहात्म्य गाणाऱ्यांनी अधूनमधून आठवून पाहण्यासारखी आहे.

विद्यार्थिदशेचे वय ठरलेले असते हा समजही त्याच सुमारास एका बाईने खोटा पाडला. नेटी स्टीव्हन्स यांनी बरीच वर्षे शाळेत शिकवून, पैसा साठवून, मग कॉलेजची पायरी चढली आणि फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयातून, जेथे त्या वेळी मॉर्गन शिकवीत असत, 1903 साली वयाच्या बेचाळिशीत डॉक्टरेट मिळवली. दोनच वर्षांनी पिठात होणाऱ्या किड्याच्या पेशी तपासताना त्यांना दिसले की मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे असतात, आणि नराच्या पेशीत एकोणीस मोठी व एक अगदी लहान. लिंगनिश्चिती त्या एका लहानग्यावर अवलंबून असली पाहिजे, हा निष्कर्ष त्यांनी निःसंदिग्धपणे काढला. त्याच काळात विल्सन यांनीही या विषयावर लिहिले होते, आणि पुष्कळ पाठ्यपुस्तकांतून श्रेय त्यांच्याच पदरात गेले. 1912 साली स्टीव्हन्स कर्करोगाने गेल्या. म्हणजे त्यांच्या वाट्याला संशोधक म्हणून आलेली मुदत दहा वर्षांच्या आतबाहेरचीच.

मॉर्गन 1904 साली विल्सन यांच्या निमंत्रणावरून कोलंबियाला आले. येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे, ती ही की मॉर्गन यांचा गुणसूत्र-सिद्धांतावर विश्वास नव्हता आणि मेंडेलच्या नियमांविषयीही ते साशंक होते. सरळ, थट्टेखोर, कपड्यांच्या बाबतीत कमालीचे बेफिकीर आणि कोणतीही गोष्ट प्रयोगाने सिद्ध झाल्यावाचून न मानणारे असे हे गृहस्थ. सजीवात एकाएकी मोठे बदल, म्हणजे उत्परिवर्तने, होतात का, याचा शोध त्यांना हवा होता, आणि त्यासाठी असा एखादा जीव हवा होता की ज्याच्या पिढ्यांमागून पिढ्या थोड्या जागेत व थोड्या पैशात काढता येतील.

असा जीव त्या वेळच्या विद्यार्थ्यांमध्ये आधीच फिरत होता. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी, अडीच-तीन मिलिमीटर लांबीची, आपल्या स्वयंपाकघरात जिला आपण चिलट म्हणून हाताने झटकून टाकतो ती फळमाशी, हार्वर्डला विल्यम कॅसल यांच्या प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभीच विद्यार्थ्यांच्या हाती दिली गेली होती. तिची निवड कोणत्याही थोर तात्त्विक कारणासाठी झालेली नव्हती. शरद ऋतूत, फळे पिकून सडू लागली की ती आपोआप येते, आणि नेमके तेव्हाच अमेरिकेतल्या विद्यापीठांचे सत्र सुरू होते. उंदीर आणि गिनीपिग यांना पिंजरे, दाणागोटा आणि राखणदार लागतात, हिला एक बाटली आणि अर्धे केळे पुरते. आणि नवशिक्याने सगळी बाटली मारून टाकली तरी खात्याचा तोटा काहीच होत नाही. अंड्यापासून पूर्ण वाढलेल्या माशीपर्यंत, उबदार जागेत, जेमतेम दहा-बारा दिवस लागतात, आणि एक मादी काही शेकडा अंडी घालते. वर्षाला पंचवीस-तीस पिढ्या! मानवी वंशाच्या हिशेबाने तेवढ्या पिढ्या मागे जायचे तर यादवांच्या राज्याच्या आसपास जावे लागेल.

कोलंबियातल्या फर्नांडस पेन या विद्यार्थ्याने मॉर्गन यांच्या सांगण्यावरून या माश्या अंधारात वाढवण्याचा प्रयोग केला. गुहांतले मासे अंधारात राहून आंधळे होतात, तशा या होतात की काय हे पाहावयाचे होते. एकोणसत्तर पिढ्या अंधारात काढूनही माशीचे डोळे जसेच्या तसे राहिले. प्रयोग फसला खरा, पण प्राणी टिकला. स्वतः मॉर्गन यांनी माश्यांना उष्णता दिली, थंडी दिली, रेडियमचे किरण दाखवले, तऱ्हेतऱ्हेची रसायने दिली. दोनएक वर्षे हाती काही लागेना.

1910 च्या पूर्वार्धात एका बाटलीत लाल डोळ्यांच्या भावंडांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला. त्याचा संकर लाल डोळ्यांच्या बहिणींशी करण्यात आला आणि 1237 लाल डोळ्यांची संतती निघाली. तीन पांढऱ्या डोळ्यांचे नर निघाले ते मॉर्गन यांनी नव्या उत्परिवर्तनाच्या खात्यावर घालून बाजूला ठेवले. या संततीचा आपसात संकर केला तेव्हा दुसऱ्या पिढीत 2459 लाल डोळ्यांच्या माद्या, 1011 लाल डोळ्यांचे नर आणि 782 पांढऱ्या डोळ्यांचे नर निघाले. पांढऱ्या डोळ्यांची मादी एकही नाही. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले. पांढरा डोळा हा गुण लिंगाशी जखडलेला आहे, आणि लिंग तर, नेटी स्टीव्हन्स दाखवून गेल्या होत्या त्याप्रमाणे, गुणसूत्रावर अवलंबून. तेव्हा गुणही गुणसूत्रावरच असला पाहिजे. ज्या सिद्धांतावर मॉर्गन यांचा विश्वास नव्हता तो त्यांच्याच बाटलीतून बाहेर आला, आणि त्यांनी तो निमूटपणे, किंबहुना उत्साहाने, स्वीकारला. मते बदलण्याची ही तयारी मला त्यांच्या साऱ्या शोधांपेक्षा मोठी वाटते.

मग ती खोली. कोलंबियाच्या शर्मरहॉर्न या इमारतीतली 613 क्रमांकाची, सोळा फूट रुंद आणि तेवीस फूट लांब, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या प्राथमिक शाळेतल्या वर्गाएवढी. आणि तीत आठ मेजे. कोपऱ्यात केळ्यांचा घड टांगलेला, फळ्यांवर अर्ध्या पाइंटच्या दुधाच्या बाटल्यांच्या रांगा, प्रत्येक बाटलीत आंबलेल्या केळ्याचा लगदा आणि कापसाचा बोळा. या बाटल्या कोठून येत याविषयी त्या खोलीतली आख्यायिका अशी की, सकाळी प्रयोगशाळेकडे येताना लोकांच्या दारासमोरच्या रिकाम्या बाटल्या विद्यार्थी उचलून आणीत. खुद्द मॉर्गनही या कामात मागे नसत असे सांगतात. ईथरने गुंगी आणून माश्या पांढऱ्या चिनी मातीच्या तबकडीवर पसरायच्या, भिंगाखाली एकेक उलटसुलट करून डोळ्यांचा रंग, पंखांची लांबी, अंगावरच्या केसांची ठेवण पाहायची, नर-मादी वेगळे करायचे, आकडा टिपायचा आणि काम झालेल्या माश्या मारून टाकायच्या. अशी ही खानेसुमारी दिवसेंदिवस, वर्षानुवर्षे चालली. मॉर्गन यांचे दप्तर म्हणजे पाकिटांच्या कोऱ्या पाठी. त्यावरच ते आकडे लिहीत, आणि मोजलेली माशी तबकडीवरच अंगठ्याने चिरडीत, ज्याचा विद्यार्थ्यांना फार संताप येई. खोलीत झुरळांचा सुळसुळाट होता. वास कसा येत असेल याची कल्पना ज्याने पावसाळ्यात विसरून राहिलेली केळ्यांची पिशवी उघडली आहे त्याला करता येईल.

या खोलीत मेज मिळालेला आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा अलाबामात वाढलेला मुलगा. वडिलांच्या घोड्यांच्या वंशावळी लहानपणापासून लिहून ठेवण्याचा त्याला नाद. घोड्यांच्या रंगाविषयी त्याने लिहिलेला निबंध मॉर्गन यांनी वाचला, छापवून आणला आणि मुलाला खोलीत बसवले. तेव्हा तो पदवीचाच विद्यार्थी होता, पदवीनंतरचा नव्हे. शिवाय त्याला रंगांधळेपणा होता, म्हणजे डोळ्यांच्या रंगछटा ओळखण्याच्या कामाला हा मनुष्य जन्मतःच निकामी. 1911 च्या अखेरीस एके दिवशी गुरूशी बोलताना त्याला सुचले की, एकाच गुणसूत्रावरची दोन जनुके जितकी दूर, तितकी ती एकमेकांपासून सुटण्याची शक्यता जास्त. मग सुटण्याचे शेकडा प्रमाण हेच अंतर धरले तर जनुकांचा नकाशा काढता येईल. खोलीतले आकडे घेऊन तो घरी गेला आणि वर्गातला गृहपाठ बाजूला सारून रात्रीचा बराच भाग जागला. सकाळी नकाशा तयार होता: पिवळे शरीर शून्यावर, पांढरा डोळा त्याच्यापासून एका अंशावर, शेंदरी डोळा तिसाच्या पुढे, छोटे पंख त्याच्याही थोडे पुढे आणि खुंटलेले पंख पार टोकाला. 1913 साली छापून आलेल्या निबंधात हे आकडे 0.0, 1.0, 30.7, 33.7 आणि 57.6 असे आहेत. पृथ्वीवरच्या कोणत्याही सजीवाच्या जनुकांचा हा पहिला नकाशा, आणि तो ज्या कागदांत मावला ती छापील पाने अवघी सतरा. पुढे जे. बी. एस. हॉल्डेन यांनी या अंतराच्या एककाला मॉर्गन यांचे नाव दिले, स्टर्टेव्हंटचे नाही. हेच हॉल्डेन उत्तर आयुष्यात भारतात येऊन राहिले, प्रथम कलकत्त्यास आणि नंतर भुवनेश्वरास.

कॅल्व्हिन ब्रिजेस याची कथा वेगळ्या मातीची. आईबाप लहानपणीच गेलेले, आजीने वाढवलेला, शाळेचे तोंड उशिरा पाहिलेला हा तरुण खोलीत आला तो बाटल्या धुण्याच्या नोकरीवर. धुण्यासाठी आलेल्या एका बाटलीच्या जाड काचेतून, साध्या डोळ्यांनी, त्याला एक माशी दिसली जिचे डोळे नेहमीच्या लालपेक्षा अधिक झळझळीत, शेंदरी होते. भिंग घेऊन बसलेल्यांच्या नजरेतून ती सुटली होती. मॉर्गन यांनी त्याच्या हातातली घासणी काढून घेतली आणि त्याला स्वतःच्या पैशांतून वेतन देऊन मदतनीस नेमले. त्याचा प्रबंध 1916 साली 'जेनेटिक्स' या नव्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकातला पहिला लेख म्हणून छापून आला. त्यातली युक्ती नमुनेदार आहे. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर यांच्या मुली लाल डोळ्यांच्या आणि मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे निघावयास हवेत. परंतु हजार-दोन हजारांत एखादी मुलगी पांढऱ्या डोळ्यांची निघे. दुसऱ्या कोणी ती हिशेबातली चूक म्हणून सोडून दिली असती. ब्रिजेस म्हणाला, आईची दोन क्ष-गुणसूत्रे फुटायची राहून दोन्ही या मुलीकडे आली असली पाहिजेत, आणि तसे असेल तर बापाचे लहान य-गुणसूत्रही तिच्यात सापडेल. त्याने त्या मुलींच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या आणि दोन क्ष व एक य अशी तीन गुणसूत्रे दाखवली. अपवादच नियमाचा साक्षीदार होऊन उभा राहिला, आणि त्यानंतर गुणसूत्र-सिद्धांताविरुद्ध बोलण्यास फारशी जागा उरली नाही. केळ्याच्या लगद्याऐवजी मक्याचे पीठ, काकवी आणि आगर यांचे अन्न माश्यांना देण्याची रीतही त्यानेच बसवली. बाटल्या धुतलेल्या माणसाला स्वच्छतेची किंमत अधिक कळत असावी.

हर्मन मुलर हा या मंडळीत बुद्धीने सर्वांत तीक्ष्ण आणि नशिबाने सर्वांत मागे. न्यूयॉर्कच्याच साध्या घरातला. उन्हाळ्यात कधी बँकेचा निरोप्या, कधी हॉटेलातला कारकून, असे करीत शिकलेला. इतरांना खोलीत मेज होते तेव्हा याला पोटासाठी दुसरीकडे शिकवावे लागे. तो बाहेरून येई, वाद घाली, पुढचा प्रयोग कसा रचावा हे सांगे आणि निघून जाई, आणि काही महिन्यांनी ती कल्पना दुसऱ्याच्या निबंधात त्याला भेटे. निदान त्याची तक्रार तशी होती आणि ती जन्मभर राहिली. ज्या खोलीत सगळे सगळ्यांशी मोकळेपणाने बोलतात तिथे कल्पनेचा सातबारा कोणाच्या नावे करावयाचा, याचा निवाडा कोणत्याही कचेरीत होत नाही. स्टर्टेव्हंटच्या मते तिथे श्रेयाची फिकीर कोणी करीत नसे. ज्याला श्रेय मिळत होते त्याने असे म्हणणे सोपे असते. मुलर पुढे टेक्सासला गेला, क्ष-किरणांनी उत्परिवर्तने घडवून आणता येतात हे त्याने 1927 साली दाखवले आणि 1946 साली नोबेल पारितोषिक मिळवले. 1915 साली निघालेल्या 'मेंडेलीय आनुवंशिकतेची यंत्रणा' या अर्थाच्या इंग्रजी ग्रंथावर मात्र मॉर्गन, स्टर्टेव्हंट, मुलर आणि ब्रिजेस अशी चौघांचीही नावे आहेत, आणि त्या वेळी चौघांतल्या तिघांचे वय पंचविशीच्या आसपास होते, हे मॉर्गन यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

पैशाचा हिशेबही थोडा पाहण्यासारखा आहे. 1915 पासून वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने या कामाला अनुदान दिले आणि स्टर्टेव्हंट व ब्रिजेस यांना शिकवण्याच्या जबाबदारीतून मुक्त असे संशोधकाचे वेतन मिळू लागले. म्हणजे या दोघांची मुदत संपलीच नाही, आणि मुलरची मात्र संपली, हा त्या तक्रारीचा आर्थिक गाभा. 1933 चे नोबेल पारितोषिक एकट्या मॉर्गन यांना मिळाले. त्यांनी ती रक्कम आपली मुले, ब्रिजेसची मुले आणि स्टर्टेव्हंटची मुले यांच्यात वाटली. मुलर त्या वाटणीत नाही. आणि लिलियन मॉर्गन यांचे नाव तर कोणत्याच खात्यावर नव्हते: ब्रिन मॉरमध्ये स्वतः जीवशास्त्राची उच्च पदवी घेतलेल्या या बाईंनी चार मुले वाढवून झाल्यावर नवऱ्याच्या प्रयोगशाळेत परत प्रवेश केला आणि हुद्दा नाही, वेतन नाही अशा अवस्थेत एक अशी मादी शोधून काढली की जिची दोन क्ष-गुणसूत्रे एकमेकांना चिकटलेली होती, 1922 साली त्यांनी तिची हकीकत प्रसिद्ध केली, आणि ती जात जगभरच्या प्रयोगशाळांतून अजून वापरली जाते.

आमच्याकडे प्रबंधाची किंमत त्याच्या बांधणीच्या जाडीवरून करण्याची एक खोड आहे. तिला स्टर्टेव्हंटच्या सतरा पानांप्रमाणेच एक घरचे उत्तरही आहे. कमला भागवत, ज्या पुढे कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या, त्यांनी मुंबईहून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जाऊन, स्त्री म्हणून प्रवेश नाकारणाऱ्या चंद्रशेखर रामन यांच्याशी हुज्जत घालून जागा मिळवली, आणि मग केंब्रिजला बटाट्यातल्या एका श्वसन-प्रथिनावर काम करून सुमारे चौदा महिन्यांत, चाळीसएक पानांचा प्रबंध देऊन, 1939 साली डॉक्टरेट घेतली. मुदत थोडी होती, तर जीवही तसाच निवडला गेला: बारमाही, स्वस्त आणि कोणत्याही बाजारात मिळणारा.

1928 साली मॉर्गन आपल्या माश्या आणि माणसे घेऊन कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना येथे कॅल्टेक संस्थेत गेले आणि ती खोली रिकामी झाली. पण तिची एक चाल मागे उरली, किंबहुना जगभर पसरली: कोणी पत्र लिहून एखाद्या जातीची माशी मागितली तर ती नळीत घालून टपालाने पाठवायची, मोबदला मागायचा नाही, आणि त्या माशीवर पुढे काय करणार हे मात्र परस्परांना कळवायचे. 1934 पासून ब्रिजेस आणि डेमेरेक नावाचे दुसरे एक माशी-संशोधक यांनी माश्यांचे वाण व त्यांच्या खबरा देणारे एक पत्रकच सुरू केले. ब्रिजेस 1938 च्या अखेरीस एकोणपन्नाशीत वारला. स्टर्टेव्हंट 1970 पर्यंत जगला, आणि त्याच्या शेवटच्या वर्षांत त्याच संस्थेत सीमूर बेंझर नावाचे, मुळात पदार्थविज्ञानाचे, एक शास्त्रज्ञ माशीकडे वळले होते. माशीचे वागणे जनुकांवरून उलगडते का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि पहिल्या माश्या त्यांनी शेजारच्या, स्टर्टेव्हंटच्याच परंपरेतल्या प्रयोगशाळेतून आणल्या.

बेंझर यांच्याकडे काम करावयास गेलेले ओबेद सिद्दिकी हे मुंबईत काम करणारे. होमी भाभांनी 1962 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जीवशास्त्राचा विभाग काढला तो त्यांच्या भरवशावर, आणि कुलाब्याच्या समुद्राला लागून, अणुभौतिकी आणि गणित यांच्या शेजारी, तो विभाग आरंभी जिवाणूंवर काम करीत होता. सिद्दिकी कॅल्टेकहून परतले ते माशी घेऊन. तिथे त्यांनी बेंझर यांच्यासह अशा माश्या निवडल्या होत्या की ज्या उबेत पांगळ्या पडत आणि थंड केल्या की पुन्हा चालू लागत. मुंबईस आल्यावर त्यांनी वास आणि चव यांचा विषय घेतला.

त्या विषयावर 1977 साली त्यांच्याकडे संशोधक विद्यार्थी म्हणून आलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज केनियात जन्मलेल्या. आईवडील गोव्याहून तिकडे गेलेले. युगांडात आणि मग डब्लिनला शिकून त्यांनी अर्ज मुंबईला केला. त्यांचे काम बाहेरून पाहणाऱ्यास 613 क्रमांकाच्या खोलीतल्या खानेसुमारीहून फारसे वेगळे दिसले नसते: दोन वाटा फुटलेली काचेची नळी, एका वाटेच्या टोकाला वास, दुसरीकडे नुसती हवा, माश्या सोडायच्या आणि किती इकडे गेल्या, किती तिकडे, ते मोजायचे. ज्या माश्यांना वास कळत नाही त्या दोन्हीकडे सारख्या जातात. अशा माश्या वेगळ्या काढून, त्यांचा वंश वाढवून, त्यांच्यातला दोष कोणत्या जनुकात आहे हे स्टर्टेव्हंटच्या रीतीने नकाशावर शोधले गेले, आणि पहिल्या निवडलेल्यांपैकी कित्येक क्ष-गुणसूत्रावर निघाले, ज्या गुणसूत्रावर 1910 चा पांढरा डोळा होता. 1978 साली या कामाचा पहिला निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवाहीत छापला गेला. 1981 साली रॉड्रिग्ज यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे त्या त्याच संस्थेत प्राध्यापक झाल्या, आणि 2010 साली त्या गेल्या तोपर्यंत मुंबईत आणि मागाहून बंगळूरला त्यांच्या हाताखाली माश्या मोजणाऱ्या विद्यार्थ्यांची दुसरी पिढी तयार झालेली होती.